पावसाच्या सालातली बाटली

३ मार्च
ताप उतरून एकवीस दिवस झाले. कॉफी — काही नाही. रॉकेल — काही नाही! साबण इतका हुंगला की डोळ्यांत पाणी आलं, वास मात्र नाही. कोणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

५ मार्च
साडूंचा फोन. पंधराला चौघं जेवायला येणार, त्यांच्या वाइन-मंडळाचे चिटणीसही. मला मंडळात घ्यायचं की नाही, ते माझ्याच टेबलावर ठरणार. "पुस्तकं वाचून पंडित झालेला आमचा काटेवाला दाखवतो म्हटलं त्यांना!" हसले. हसू देत. बावीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय, तेही कोणी शिकवलं नव्हतं.
नाही म्हणता आलं असतं. म्हणालो, "अवश्य या."

८ मार्च
दुकानात दीड तास. दुकानातल्या बाई महागड्या कपाटाकडे नेत होत्या. मी खालच्या फळीशी वाकलो — अठरा वर्षांची लाल, डोंगरउतारावरच्या त्या नावाजलेल्या घराण्याची. तिसरी पिढी. मळे स्वतःचे, तळघर स्वतःचं. ते साल ऐन तोडणीत पावसानं झोडपलेलं, म्हणून गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून माझ्या आवाक्यात. पण अशा सालात अर्धी द्राक्षं फेकून द्यायची छाती असते तेच खरे!
"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" बाई.
कोणी नाही.
बाटली उजेडात धरली. पातळी मानेपर्यंत, बुचाशी गळतीचा डाग नाही, लेबल सरळ. डोळ्यांना तपासता येतं ते सगळं तपासलं. डोळ्यांनाच.

१० मार्च
बाटलीला कपाटात ऊब लागते. पलंगाखाली पाय लागतो. आता जिन्याखाली. बायको: "तिसरी जागा! बाळंतीण आहे का ती?"

१३ मार्च
बाटली उभी करून ठेवली. दोन दिवसांत गाळ तळाशी बसायला हवा. वासाचं वर्णन पुस्तकातून पाठ केलं — सुकलेला आलुबुखारा, जुनं चामडं, ओली माती. तीनच. चौथं काही बोललो तर पकडला जाईन.

१४ मार्च
झोप नाही.

१६ मार्च
काल बूच स्वयंपाकघरात काढलं — अखंड, एक कण पडला नाही. बायको शेजारी उभी. मेणबत्तीच्या उजेडात सावकाश काचेच्या सुरईत ओतली, गाळ तेवढा बाटलीत राहू दिला. हुंगल्याचं नाटक केलं, मान डोलावली. "द्या, मी नेते बाहेर," ती म्हणाली.
दारातच सुरई निसटली. अठरा वर्षं फरशीवर!
"हाताला भोकं पडलीत का?" — मी. चौघांसमोर.
साडू म्हणाले, "वाचलो बुवा! व्याख्यान टळलं." ती खाली बसून काचा वेचत राहिली.
चिटणीस भला माणूस. हेच साल का निवडलं विचारलं, नीट ऐकून घेतलं. "पुढच्या बैठकीला या," म्हणाले. म्हणजे घेतलं! तरी जिवाला चैन नाही. बायकोशी बोलत नाही.

१९ मार्च
तशीच दुसरी हवी म्हणून बाटली गाळासकट दुकानात नेली. बाईंनी सवयीनं बाटलीच्या तोंडाशी नाक नेलं आणि मागे सरल्या. "अहो, ही तर बिघडलेली! बुचाचा दोष. ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतोय. उघडताक्षणी कळलं असेल तुम्हाला."
"हो, अर्थात," म्हणालो.
चौघांसमोर मी त्या पुठ्ठ्याला आलुबुखारा म्हणालो असतो!

२० मार्च
बायकोला सांगितलं. सगळंच. ती उशांचे अभ्रे बदलत होती, थांबली नाही. "त्या दिवशी दूध करपलं, आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात. तेव्हाच कळलं मला." मग म्हणाली, "सुरई निसटली नव्हती. सोडली मी."
तिच्या अंगठ्याला पट्टी आहे. काचेची चीर — पाच दिवसांची. मला आज दिसली.