कुत्र्यांना मागे टाकण्याइतका वेग

क्रॉप्रेडी, कालव्यावरून
४ सप्टेंबर १९८४

ती. इनिडताईस,
धाकट्या म्युरिएलचा आणि दोन ओल्या कुत्र्यांचा सा. न. वि. वि.

ताई, मी निघाले. ब्राउन्स्टनचे मिस्टर हॉस्किन्स फ्रँकची नाव विकत घ्यायला तयार आहेत. महिनाअखेरीपर्यंत ती त्यांच्या धक्क्याला लावायची आणि तिथून बसनं रग्बीला, तुझ्या बंगल्यात यायचं. फ्रँक गेल्यापासून तू एवढं एकच मागितलंस. नाही कशी म्हणू?

पण नाव तिच्या चालीनंच चालणार. इतकी वर्षं फ्रँक मागे सुकाणूपाशी चहाचा मग घेऊन उभा आणि मी काठावर लॉकची, म्हणजे पाणी अडवून नाव वर-खाली करणाऱ्या हौदाची, जड दारं ढकलतेय. कालव्यावरच्या सगळ्या जोडप्यांत हीच वाटणी. आता दोन्ही कामं माझीच, आणि सल्ले सगळा कालवा देतो. काल एक गृहस्थ ओरडून म्हणाले, बाई, जरा डावीकडे घ्या. मी म्हटलं, घेतलं असतं हो, पण डावीकडे तुमचीच नाव आहे.

कुत्र्यांपैकी बॅजर लांब पायांचा, तो काठानं चालतो आणि मी मागे पडले की थांबून वाट पाहतो. ड्यूचेसचे पाय आखूड. ती छपरावर बसून प्रत्येक बदकाला दम देते. परवा शाळेच्या मुलींची दोघी-दोघींची रांग आली आणि आम्हाला मागे टाकून निघूनही गेली. मला आपल्या सिस्टर अर्सुला आठवल्या. आपण दोघी नेहमी शेवटच्या जोडीत. माझी बुटाची नाडी सुटलेली, आणि तू मला ओढत नेतेयस.

कुत्र्यांचं तू म्हणतेस तसंच करते. फेनी कॉम्प्टनच्या मिसेस टिबिट्स दोघांनाही शेतावर ठेवून घेणार आहेत. त्याविषयी आज जास्त लिहवत नाही.

तुझी माया पत्रातून येत राहू दे, रागावून आली तरी चालेल.

तुझी,
म्युरिएल


रग्बी
११ सप्टेंबर

चि. म्युरिएल हिस,
अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक कानउघाडणी.

हे पत्र नॅप्टनच्या पोस्टात तुझ्या नावानं राखून ठेवायला सांगितलं आहे. तू तिथे कधी पोचशील, ते सांगायची मात्र कोणाचीच तयारी दिसत नाही. मी नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं. या गुडघ्यांनी मी आत्ता घरून चालत निघाले, तरी तुझ्याआधी पोचेन. तू वाटेत थांबतेस तरी किती? आणि कोणाकोणाकडे चहा पितेस?

कुत्र्यांच्या बाबतीत मला दुष्ट समजू नकोस. आमच्या या म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या बंगल्यांत प्राणी पाळायचे नाहीत, असा नियमच आहे. शेजारच्या मिस पिमना तर मांजराचं चित्र पाहूनही शिंका येतात. शिवाय माझं कार्पेट नवं आहे. शेतावर दोघं सुखात राहतील. तू फक्त निघताना मागे वळून पाहू नकोस.

खोलीला निळा रंग दिला. पडदे मीच शिवले, एक थोडा आखूड झाला आहे, तो पाहू नकोस. तुला उंच उशी लागते की सपाट, ते आठवेना, म्हणून दोन्ही ठेवल्या आहेत.

लवकर ये. माझा जीव आधीच तिकडे येऊन बसला आहे.

तुझी,
इनिडताई


नॅप्टन
२० सप्टेंबर

ती. इनिडताईस,
सा. न. वि. वि. हे पत्र बसून वाच.

मी कुत्र्यांना मिसेस टिबिट्सच्या अंगणात सोडलं, नाव सुटी केली आणि तू सांगितलंस तसं मागे वळून पाहिलं नाही. पाहायची गरजच पडली नाही. त्या भागात कालवा टेकडीला वळसे घालत घालत जातो. मी रडत रडत अख्खी टेकडी फिरून पुलापाशी आले, तर दोघं पुलाखाली बसलेली. शेतातून सरळ आली होती. बॅजरचा चेहरा असा, जणू एवढा उशीर मीच केला.

मिसेस टिबिट्स गाडी घेऊन आल्या. म्हणाल्या, बाई, माझी कोंबडीसुद्धा तुमच्या नावेच्या आधी इथे पोचली असती. दोघांना परत नेलं, कोठारात कोंडलं आणि मला बजावलं, आता जरा जोरात हाका. मी हाकली. कधी नव्हे ते इंजिन गरजलं. आणि ताई, काठाला बांधलेल्या नावांची रांग लागली. तिथून वेगानं जाणं म्हणजे चर्चमध्ये शीळ घालण्यासारखं. सगळ्या नावा डोलायला लागल्या, कुठे बशा फुटल्या, आणि एक गृहस्थ पायजम्यातच बाहेर येऊन ओरडले, अहो, हळू! घरात आग लागली आहे का? त्यांच्या दाढीवरून अंड्याचा बलक ओघळत होता.

मी काय सांगणार? कुत्र्यांपासून पळतेय म्हणून? इंजिन हळू केलं आणि माफी मागितली. ते म्हणाले, माफी राहू द्या, त्या मागून धावत येणाऱ्या बिचाऱ्यांसाठी तरी थांबा.

दोघं कोठाराच्या दाराखालची माती उकरून आली होती. बॅजर पुढे, आणि बरंच मागे आमची ड्यूचेस, जीभ जमिनीला टेकलेली. तिला पाण्याच्या काठावर आडवी पडलेली पाहिली आणि माझे हात सुकाणूवरून सुटलेच. नाव बोरूच्या बेटात घुसली. पायजमेवाल्यांनीच ती बाहेर ओढली आणि मला चहा पाजला.

ताई, नाव विकायला मी अजूनही तयार आहे. पण या दोघांना सोडून मी येऊ शकत नाही, आणि तुझ्याकडे त्यांना आणता येत नाही. तुझा निळा रंग डोळ्यांसमोर येतो आणि मला तोंड दाखवायची लाज वाटते. तुझं उत्तर येईपर्यंत नॅप्टनलाच थांबते. हॉस्किन्सना अजून काही कळवलेलं नाही.

रागाव, पण लिहिणं सोडू नकोस.

तुझी,
म्युरिएल


रग्बी
२५ सप्टेंबर

चि. म्युरिएल हिस,
अनेक आशीर्वाद. दोन चतुष्पादांना निम्मे निम्मे.

तुझं पत्र वाचून मी खूप रागावले. खोलीत जाऊन पडदे काढले, मग पुन्हा लावले. तू काठावर एकटी, थंडीत खोकत पडशील, म्हणून तुला बोलावते आहे, असं मी सगळ्यांना सांगत होते. मिस पिम म्हणाल्या, इनिड, खोकला तर तुम्हालाच आहे. शिंकता शिंकता ही बाई असं काही बोलून जाते. खरं आहे ते. रविवारी चर्चमधून आल्यावर मी इथे मोठ्यानं बोलते. उत्तर द्यायला कोणी नसतं, त्यामुळे माझंच बरोबर ठरतं, आणि त्याचा आता कंटाळा आला आहे.

म्हणून काल बस पकडून हिलमॉर्टनला गेले. तिथे कालवा माझ्या घरापासून बसनं दोन थांबे. नाव हिवाळाभर बांधायला जागा मिळते का, ते विचारलं. मिळते. तिथे बाकावर बसले, तर येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून बोलला. एका बाईंनी माझ्या मांडीवर आपला कुत्रा ठेवला आणि खुशाल लॉक उघडायला गेल्या. माझ्या चांगल्या कोटावर! मी त्याला धरून बसले. गरम होता.

नंतर हॉस्किन्सना फोन केला. म्हटलं, ही नाव विकायची की नाही, ते माझी बहीण वसंतात ठरवेल. ते म्हणाले, ठरवणार त्या की तुम्ही? आगाऊ माणूस. मी फोन ठेवला.

तेव्हा ब्राउन्स्टनला थांबू नकोस, पुढे हिलमॉर्टनला ये. आमचा नियम प्राणी पाळू नका म्हणतो, रविवारी जेवायला बोलावू नका असं म्हणत नाही. मिस पिम त्या दिवशी पुतणीकडे असतात. इतर दिवशी मी तुझ्याकडे येईन. तुला लॉकची दारं एकटीनं जड होतात ना? माझे गुडघे गेलेत, दंड नाही. आणि सल्ले द्यायलाही कोणीतरी हवंच.

घाई करू नकोस, लोकांच्या बशा फुटतील. सावकाश ये. पण ये.

तुझ्यावर जीव असलेली,
इनिडताई