शेवटाच्या आधीच उठवलं

१४ तारीख, मंगळवार, दुपारचे तीन

तुझ्या बापाला अक्कल कधी येणार? परवा रविवारी भर सिनेमातून त्याने मला दंडाला धरून बाहेर आणलं. अजून पंधरा-वीस मिनिटं तरी बाकी होती. म्हणे नंतर जिन्यावर गर्दी होते, तुला झेपायची नाही. अठ्ठावीस वर्षं सिनेमाघराचे जिने झाडलेल्या बाईला हा गर्दी शिकवतो.

बरं भिंगरे, तू कशी आहेस? टाच दुखते म्हणालीस, तर दवाखान्याच्या वॉर्डात घालायचे ते पत्र्यासारखे बूट फेकून दे. वेळेवर जेव. इकडे सगळे मजेत आहेत, मीही मजेत आहे. झाली रीत.

आता सिनेमे. महिन्याभरात नऊ पाहिले, चार थेटरात आणि पाच घरी. एकात तो हिरो विमानातून खाली पडतो आणि उठतो तर भांग जिथल्या तिथे. मला हसू आवरेना, तर पुढच्या खुर्चीवरच्या बाईने वळून डोळे वटारले. दुसरा घरी पाहिला. त्यात नवराबायको पाऊण तास खिडकीबाहेर बघत बसतात. तुझी आई म्हणाली, किती खोल आहे. मी म्हटलं, एवढं गप्पच बसायचं होतं तर सिनेमा कशाला काढला, घरी बसायचं. एक मात्र बरा होता. दोन बहिणी एका शिलाई मशीनवरून भांडतात. भांडण अगदी खरं होतं. मधेच नेट गेलं असं तुझा बाप म्हणाला. नेट गेलं तर त्याच्या फोनवर तुझ्या मामाचे विनोद कसे येत होते?

जरा उठून आले. हल्ली एका जागी बसवत नाही. दारापर्यंत जाते, परत येते, पुन्हा जाते. शेजारीण विचारते, काही हरवलंय का?

तर सांगत होते. मी जन्मभर सिनेमाचे शेवटच पाहिले. शो सुटायच्या आधी आम्ही झाडूवाल्या दाराच्या पडद्यामागे येऊन उभ्या राहायचो. कोण मेलं, कोणाचं लग्न लागलं, कोण तुरुंगात गेलं, सगळं पाहिलं. का, ते ठाऊक नसायचं. तुझे आजोबा वर सिनेमा दाखवायच्या मशीनच्या खोलीत असायचे. ते घरी येताना वाटेत मला सुरुवात सांगायचे. म्हातारपणी पोराने खुर्चीवर बसवून सुरुवात दाखवली, याचा मला आनंदच होता. पण शेवट काही धड दाखवेना. नऊपैकी सहा सिनेमे अर्धे. कधी नेट, कधी गर्दी, कधी त्याचं पोट दुखतं.

परवा पडद्यावरची म्हातारी शिक्षिका रुमालात खोकली आणि तुझा बाप उठला. बिचारा घामाने भिजला होता. सिनेमा विनोदी आहे असं त्याला कारखान्यात कोणीतरी सांगितलं होतं. ते मला रिक्षात कळलं, तोच बोलून बसला.

हे आताच उमगलं असं समजू नकोस. मागल्या आठवड्यात मी पाणी प्यायला उठले, तेव्हा तुझी आई स्वयंपाकघरात त्याच्या कानाशी म्हणत होती, "हा नको. यात ती जाते. दुसरा लावा."

मी पाणी न पिताच मागे आले. दुसरा लागला. कुत्र्याचा होता. कुत्रं जगलं.

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. दोन महिन्यांत माझे ब्लाऊज तुझ्या आईने दोनदा आत घेतले. तपासणीचा कागद आला त्या दिवशी तुझ्या बापाने खिडकीशी जाऊन त्याचा फोटो काढला आणि तासाभरात तुझा व्हिडिओ फोन आला. मी तुला म्हटलं, तुझे केस वाईट कापलेत, तुझा तो मित्र उंट दिसतो. आणि तू म्हणालीस, हो आजी. जन्मात कधी तू मला हो आजी म्हटलंस? तिथेच मला कळलं. बाप खोटं बोलतो तेव्हा घामाने भिजतो, तू गोड होतेस.

आता एक सांगते, ते तुझ्या बापालाही ठाऊक नाही. तुझ्या आजोबांचं आता काही खरं नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला नेऊन सांगितलं होतं. आजोबांनी मला विचारलं, "खरं काय ते सांग." मी म्हटलं, काही नाही, छातीत कफ धरलाय, शेक घेतला की मोकळं होईल. ते माझ्याकडे बघत राहिले. मग पुन्हा कधी विचारलं नाही. त्यानंतरचे, शेवटचे नऊ दिवस ते आपल्याच घरात पाहुण्यासारखे बोलले. पाणी द्या. उशी सरकवा. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला अहोजाहो. बोलायचं असेल त्यांना काहीतरी. मी जागाच ठेवली नाही. लोक म्हणाले, किती धीराची बाई. कसला धीर? तोंड उघडायची भीती होती.

म्हणून मला हे नको. छोटीशी गाठ आहे, काढून टाकू, असं तुझा बाप म्हणतो. येत्या चोवीस तारखेला ऑपरेशनच्या कागदावर माझी सही पाहिजे आहे. चौथीपर्यंत शिकले त्यात सही करायला शिकले, ती न वाचता करायला नाही. तो तपासणीचा कागद मी कपाटातून काढला. डॉक्टरांची भाषा मला येत नाही, पण चित्र काढावं तसं एकेक अक्षर बघून मी त्यातली खालची सगळी ओळ या पत्राच्या मागच्या पानावर उतरवली आहे. दोन दुपारी गेल्या. मला नीट दिसत नव्हतं असं म्हणायची सोय मी तुला ठेवली नाही.

तर लिही. काय झालंय. कापलं तर काय उरतं. नाही कापलं तर किती दिवस. कळल्यावर मी सही करीनही, किंवा करणार नाही, ते माझं मी बघेन. रडगाणं नको, देवाचं नाव नको, आणि त्या तुमच्या दवाखान्यातलं "बघूया" तर अजिबात नको.

फोन करू नकोस. तुझा बाप तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावतो. घरच्या पत्त्यावरही पाठवू नकोस. खाली इस्त्रीवाला आहे, उत्तरासाठी त्याच्या दुकानाचा पत्ता पाकिटाच्या मागे घातलाय. हे पत्रही त्याच्याच हातून टाकतेय. तुझं उत्तर चोवीसच्या आत पोचलं पाहिजे.

बापावर चिडू नकोस. तो माझ्यावर गेलाय.

उत्तर तू द्यायचंस. बापाने नाही, आईनेही नाही. तुझ्या हाताने, त्यांना न विचारता. गोड लिहिलंस तर परत पाठवीन आणि पुन्हा लिहायला लावीन.

आजी