जप्त झालेली मधाची वाटी

आई, तुझी चांदीची वाटी चिंचवडच्या प्रसूतिगृहातल्या नर्सबाईंनी जप्त केली आहे. आज चौथा दिवस, अजून परत नाही. आपल्या घरातल्या तीन पिढ्यांनी जिच्यातून पहिली चव घेतली, तिच्यात म्हणे आता कापसाचे बोळे ठेवतात! हा अपमान मांडावा कुणापुढे? म्हटलं तुझ्यापुढेच मांडू. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. निदान मध्येच तोडणार तरी नाहीस.

तुझ्या नातीला मुलगी झाली. जावई पिंपरीच्या नव्या कारखान्यात, भोंगा वाजला की तो पळतो. मग खाटेपाशी आम्ही दोघं म्हातारी होऊ घातलेली. पहिल्याच सकाळी मी आंघोळ करून वाटी, मध, तूप आणि सोन्याची अंगठी घेऊन हजर झालो. तुझ्या सुनेनं तुझ्याच शिस्तीनं लेकीला बजावून ठेवलं होतं की तीन दिवस अंगावर पाजायचं नाही, चीक पिळून टाकायचा, बाळाला मध नि गुळाचं पाणी. मी मंत्र म्हणत अंगठी बाळाच्या ओठाला लावतो आहे, तोच मागून आवाज येतो, "आजोबा, हे काय चाललंय?"

"जातकर्म," मी म्हणालो. असा काही म्हणालो की वर्गात असतो तर पोरं उभी राहिली असती. नर्सबाई उभ्याच होत्या.

"आणि चीक कुठं गेला?"

"पिळून टाकला," तुझी सून म्हणाली. "जड असतो तो बाळाला."

"घरी गाय व्याली की चिकाचं काय करता?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. "खरवस," म्हणालो.

"वेलची घालून? शेजारी वाटून? आणि या वासराच्या वाट्याचा तेवढा मोरीत! गुरुजी ना तुम्ही?" आणि वाटी गेली.

दुसऱ्या दिवशी मात्र माझी रग जिरली. बाळ गुळाच्या पाण्यावर नुसतं झोपून, तोंडच उघडेना. लेकीची छाती दगडासारखी झालेली, हात लावला तरी ती रडे. मी पडद्याबाहेर बाकावर, पोथी मांडीवर. नर्सबाई तासभर तिच्यापाशी बसल्या. मला फक्त आवाज येत होता. "घाबरू नका ताई. गरम पाण्याचं फडकं ठेवू, थोडं हातानं मोकळं करू. आता भिंतीला पाठ टेका. बाळाचं पोट तुमच्या पोटाला. मान ढकलू नका, तिला तोंड मोठं उघडू द्या... हं, आता घ्या जवळ." आणि मग गटक, गटक. आई, तीस वर्षं पोरांना संस्कृत शिकवलं, पण इतका स्वच्छ उच्चार कानावर पडला नव्हता.

शेजारच्या खाटेपाशी सुनेला घेऊन आलेली चाकणची म्हातारी हसली. "प्याली व्हय? बरं झालं माय. गुरुजी, तुमी बी पोथी ठिवा आता खाली."

ठेवली नाही, घरी येऊन उघडली. त्याच विधीत मध-तुपाच्या पाठोपाठ बाळाला आईच्या अंगावर लावायला सांगितलं आहे. लगेच. तीन दिवसांचं नावही नाही. इतकी वर्षं मी ते पान वाचतो आहे. आज बाळ दिवसातून दहादा पितं, वर ढेकर देतं. लेक हसते. मीही घरी आल्यापासून तीन वेळा चहा प्यालो.

हे पत्र त्याच पोथीत ठेवीन. खरं सांगायचं तर वाटीचं काही नाही. आमचा पहिला मुलगा पाचव्या दिवशी गेला, तेव्हा चीक तू पिळून टाकला होतास आणि मध मी चाटवला होता. तो त्यानंच गेला का, हे नर्सबाईंना विचारावं म्हणून रोज जातो आणि विचारत नाही. त्या "हो" म्हणाल्या तर? तुझी सून तिथंच बसलेली असते.