रांगेतली तुझी जागा

लागुना, जून

प्रिय अनिसेतो,

तुझ्या डोळ्याची पट्टी निघाली असं रोझेलीने फोनवर सांगितलं, म्हणून हे पत्र. फोनवर तुझ्याशी बोलण्यात काही अर्थ नसतो. तू दोनदा 'हं' म्हणतोस, एकदा 'वारा कुठला आहे?' विचारतोस आणि फोन लेकीच्या हातात देऊन मोकळा होतोस. पत्राला 'हं' म्हणता येत नाही. डोळा आता साफ झालाय तर त्याचा उपयोग कर आणि सावकाश, शेवटपर्यंत वाच. रोझेलीला मात्र वाचून दाखवायला सांगू नकोस. शेवटचा भाग तर अजिबात नको.

रोझेली असंही म्हणाली की तुझं आता कुरितिबात तिच्याकडेच राहायचं ठरतंय आणि इथलं घर भाड्याने द्यायचंय, कोणी चांगलं माणूस असेल तर बघा. 'दोना ओतिलिया, तिथे बाबांचं आता कोण आहे?' असं विचारलं तिने. पोर मनाने वाईट नाही, काळजीपोटीच बोलली. 'वारा दक्षिणेचा आहे, बाबांना सांग,' एवढं म्हणाले आणि फोन ठेवला. मग दिवसभर टपरीवर आलेल्या प्रत्येकावर विनाकारण डाफरत बसले.

आधी इकडच्या बातम्या. टपरीमागच्या वाळूत बीळ करून राहणारी पिंगळ्यांची जोडी यंदाही तिथेच आहे आणि त्यांनी दारात पुन्हा शेण आणून पसरलंय. मागे मी ते झाडून काढत होते तेव्हा तू म्हणाला होतास, 'राहू दे गं, जेवण मांडलंय त्यांनी.' मला वाटलं, थट्टा करतोयस. मग बसून पाहिलं, तर खरंच शेणाच्या वासाने किडे आपल्या पायांनी दारात येतात आणि पिंगळा जागचा न हलता एकेक उचलतो. तेव्हापासून मी झाडू तिकडे नेत नाही. परवा रांगेतल्या तुझ्या शेजाऱ्याच्या, जेनेसियोच्या कुत्र्याने त्या बिळात नाक खुपसलं. आतून असा फूत्कार आला की माझ्या हातातली किटली हिंदकळली. कुत्रा शेपूट घालून जो सुटला तो थेट मालकाच्या दोन पायांत. आत साप कसला, पिंगळीच होती. शेपटी खुळखुळवणाऱ्या विषारी सापाचा हुबेहूब आवाज काढून ती घर राखते, हेही तूच मला सांगितलेलं. जेनेसियो मात्र सगळ्या काठाला सांगत फिरतोय की ओतिलियाने टपरीमागे साप पाळलाय. मी त्याला नाही म्हणालेले नाही. असू दे थोडी भीती.

जेनेसियोचं नाव निघालंच आहे तर मूळ गोष्ट सांगते. तू बसमध्ये चढलास तेव्हा बोई मासळी यायची होती. आता आलीये, आणि काय आलीये! पहाटेपासून माणसं कमरेइतक्या पाण्यात फेकायची जाळी, आपले पाग, हातात धरून रांगेत उभी असतात, आणि रांगेत बांधाच्या टोकाजवळची तुझी जागा रिकामी. दात पडल्यावर जीभ जशी तिथेच जाते तसं सगळ्यांचं लक्ष तिकडे. एका सकाळी टपरीवर जेनेसियोने विषय काढला. महिनाअखेरच्या साँव पेद्रोच्या सणापर्यंत जी जागा रिकामी राहील ती पुढच्याची, हा बापजाद्यांपासूनचा रिवाज आहे म्हणाला. 'अनिसेतो आता कुरितिबाचा झाला. तिकडे मासा बर्फात झोपलेला मिळतो, तो कशाला पाण्यात उभा राहील?' सगळे हसले. मी त्याला कॉफी ओतत होते. ती कपात कमी आणि त्याच्या अंगठ्यावर जास्त पडली. मी म्हणाले, 'जागा रिकामी नाहीये. उद्यापासून मी उभी राहणार आहे.'

मग जो गलका झाला तो तुला तिकडे ऐकू कसा नाही आला, नवल आहे. जेनेसियो म्हणाला, 'दोना ओतिलिया, तुम्ही बोई तळा, तुमच्यासारखी कोणी तळत नाही. पण बाईमाणूस रांगेत उभं राहिलं तर बोतो डॉल्फिन मासा हाकत आपल्याजवळ यायचे नाहीत.' मी विचारलं, 'बोतोच्या पिल्लाला मासा हाकायला कोण शिकवतं?' म्हणाला, 'आई.' 'आणि माणसाला खूण करायला?' 'आईच.' 'मग तुमच्या या सगळ्या शाळेची मास्तरीण बाईच आहे ना रे? तिला माझी कसली लाज वाटायचीये?' यावर म्हातारा ओरेस्तेस इतका हसला की त्याला पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. हसणारा आपल्या बाजूचा असतो, तेव्हा मी लगेच टपरीची फळी लावली आणि तुझ्या घरी जाऊन तुझी रबरी विजार घेऊन आले. किल्ली माझ्याकडेच आहे, तू परत मागितली नाहीस.

विजार मला गळ्यापर्यंत येते. आरशात पाहून मी स्वतःच खो खो हसले. तुझे पाग इतकी वर्षं मीच विणले, मीच सांधले, पण सांधणं वेगळं आणि टाकणं वेगळं. पहिल्या दिवशी ओली चादर दोरीवर फेकावी तसा गेला. तुझी लाडकी बोतो, तेइमोझा, आली होती. पाठीवरच्या पराचा तो कुरतडलेला तुकडा मी लांबूनच ओळखला. तुझ्या जागेसमोर आली, डोकं वर काढून माझ्याकडे पाहिलं, आणि माशांचा अख्खा थवा जेनेसियोच्या पुढ्यात नेऊन दिला. तू तिला हट्टी हे नाव ठेवलंस ते उगाच नाही. जेनेसियो नुसता शीळ घालत राहिला. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

गार पाण्यात काही न मिळता उभं राहिलं की माणसाला जुनं आठवतं. मला तुझा तो शिंगाळा मासा आठवला. तुझी बायको नाईर वारून थोडेच महिने झाले होते, रोझेली टपरीच्या पायरीवर बाहुली घेऊन बसलेली असायची. तुझ्या पागात मोठा शिंगाळा आला, त्याचं तोंड फुगलेलं. उघडून पाहिलं तर आत गोट्यांएवढी अंडी. पोरं म्हणाली, आण इकडे, छान लागतात. तू म्हणालास, 'हा नर आहे. पिल्लं सुटी होईपर्यंत हा तोंडात अंडी घेऊन फिरतो, एक घास खात नाही,' आणि हळूच पाण्यात सोडून दिलास. सगळ्यांनी वेड्यात काढलं तुला. तोवर मला तू निव्वळ ठोंब्या वाटायचास, खरं सांगते. त्या दिवशी मी पायरीवरच्या रोझेलीकडे पाहिलं, तुझ्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि माझं मत बदललं ते बदललंच. पुढे मला दोन मागण्या आल्या, त्या मी परतवल्या. बाबांच्या आजारपणाचं कारण सांगितलं. तू काही विचारलं नाहीस. त्या शिंगाळ्याचं तोंडसुद्धा पिल्लं मोठी झाली की उघडतं रे.

तर तेइमोझा. पुढचे काही दिवस तिने मला नुसतं तपासलं. मग एका सकाळी पाणी पत्र्यासारखं करडं, आत काही म्हणजे काही दिसत नाही, आणि ती तिरकी येताना दिसली. तू नेहमी सांगायचास, मासा शोधू नकोस, तिची पाठ बघ. मी पाठ बघितली. तिने कमान केली, डोकं पाण्यावर सपकन आपटलं, बरोब्बर माझ्यासमोर, आणि माझे हात माझ्याआधी हलले. पाग गोल पडला, अनिसेतो. ताटासारखा गोल. ओढायला ओरेस्तेसला यावं लागलं इतकी बोई. पाग पडताच थवा फुटला, आणि वाट चुकलेली बोई तेइमोझा मटामट गिळत होती. तिचा हिशेबही चोख असतो, फुकट काही करत नाही ती. मी पाण्यात उभ्याउभ्या रडले, आणि कोणी पाहू नये म्हणून तोंड धुतलं. संध्याकाळी गाभोळी तळली आणि पहिली बशी जेनेसियोसमोर ठेवली. तो म्हणाला, 'नशीब एकेकाचं.' पण बशी चाटूनपुसून खाल्ली.

तेइमोझाच्या पिल्लाने मात्र यंदा धुमाकूळ घातलाय. आईला चिकटून असतं आणि ती करेल ते सगळं करतं, फक्त मासा नसताना. शेवाळाचं भेंडोळं दिसलं की त्याच्यामागे धावायचं, रांगेसमोर आणायचं आणि ऐटीत डोकं आपटायचं. पहिल्या वेळी सगळ्यांनी एकदम पाग टाकले. एवढ्या माणसांत मिळून शेवाळ आणि एक रबरी चप्पल आली. जेनेसियो पाय घसरून बसला तो टोपीपर्यंत पाण्यात गेला. दुसऱ्यांदाही फसलो. तिसऱ्यांदा कोणी हललं नाही, तर पिल्लू पुन्हा पुन्हा आपटत राहिलं, जणू आम्हीच मठ्ठ. विद्यापीठातली एक मुलगी पाण्यात आवाज ऐकायचं यंत्र सोडून बसलेली असते, तिला मी रोज कॉफी देते. ती म्हणते, प्रत्येक बोतो लहानपणीच स्वतःची एक शीळ ठरवतो, तेच त्याचं नाव. बाकीचे त्याला त्याच शिळेने हाक मारतात, आणि ओळखीच्याची शीळ वर्षानुवर्षं विसरत नाहीत. झोपताना म्हणे अर्धा मेंदू जागा ठेवतात आणि एक डोळा उघडा. मी म्हणाले, आमचा एक माणूस कुरितिबात सध्या अगदी तसाच झोपत असेल, फक्त त्याचा कुठलाच अर्धा धड जागा नसतो.

गेल्या गुरुवारी ते पिल्लू एकटंच पुढे आलं. आई मागे थांबली होती, मुद्दाम, असं माझं म्हणणं. त्याने डोकं आपटलं, आणि जेनेसियो ओरडला, 'टाकू नका, चप्पल आहे!' सगळे हसत उभे राहिले. पण मी त्याची पाठ पाहिली होती, आणि ती त्या दिवशी आईसारखी वाकली होती. मी एकटीने पाग टाकला. चप्पल नव्हती. शेपट्या आपटत भरून आली बोई, आणि पिल्लाच्या तोंडात त्याची पहिली कमाई, ती गिळायची सोडून ते मिरवत होतं. काठावर टाळ्या पडल्या. जेनेसियोने पाण्यात टोपी काढली, आणि तो टोपी फक्त चर्चमध्ये काढतो.

आता मुद्द्यावर येते, इतकं लांबवलं ते धीर येत नव्हता म्हणून. पिल्लू पहिला मासा ज्याला देतं त्याने नाव ठेवायचं, हा रिवाज तुला ठाऊक आहे. मी त्याचं नाव अनिसेतो ठेवलं. सगळ्यांना वाटलं, गंमत केली. पण गेला आठवडाभर मी पाण्यात उभी राहून, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने 'अनिसेतो, ये, इकडे ये' अशी हाक मारतेय, जी मला इतक्या वर्षांत कधी मारता आली नव्हती. हे पत्र त्यासाठीच आहे. रोझेलीला सांग, तिचं म्हणणं बरोबर आहे, घर भाड्याने देऊन टाक. ओरेस्तेसच्या नातवाचं लग्न ठरलंय, त्याला हवंच आहे. तू माझ्याकडे राहायचंस. खिडकीशी तुझी खुर्ची आणून ठेवलीये, तिथून पाणी दिसतं. आणि रांगेतल्या जागेचं म्हणशील तर ती मी आता सोडणार नाही, माझ्या हाताला लागलीये ती. जेनेसियोला मी एक पाऊल सरकायला सांगितलं. कुरकुरला, पण सरकलाय. माझ्या डाव्या हाताला जागा झालीये, ती तुझी, पण साँव पेद्रोच्या सणाआधी येऊन उभा राहा, नाहीतर तो परत सरकेल. मी रोज हाक मारतेच आहे. पिल्लू येतं. आता तू ये.

माझ्या खुणा समजायला तुला आयुष्य लागलं म्हणून न रागावलेली, तुझीच,
ओतिलिया