हलते कोपरे

४ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्याकडे आलो तेव्हा तू बाजारात गेली होतीस, म्हणून शेजारणीकडून किल्ली घेतली. चित्रांच्या मागच्या त्या लाकडी चौकटी तू घरीच केल्यास म्हणे. दिसतंच आहे! सुताराच्या लेकीनं केलेल्या चौकटीचे चारही कोपरे हलतात, कुणी बघितलं तर आपली काय शोभा राहील? कोपऱ्यांत नुसत्या पाचरी खोचल्या होत्यास. त्या फेकल्या, सांध्यांत सरस भरला, वर खिळे ठोकले. आता हत्ती बसला तरी हलायच्या नाहीत. आभार मानत बसू नकोस.

प्रदर्शनाला यायचं जमेलसं वाटत नाही. दुकान बंद ठेवून रंग बघत फिरायची चैन मला परवडत नाही.

तुझा,
दादा

९ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तीस वर्षं कपाटं करतोस आणि एवढं कळू नये, धन्य आहे तुझी! ते कोपरे हलायलाच हवेत. दमट हवेत कॅनव्हास सैल पडतो. मग पाचरी थोड्या आत ठोकायच्या, म्हणजे कोपरे फाकतात आणि कापड पुन्हा ताठ होतं. तू ते कायमचे बंद केलेस. मोठ्या चित्राला झोळ पडलाय, एक वळी थेट चेहऱ्यावर आलीय. अशीच राहिली तर रंग तडकेल.

न विचारता हात घालायची तुझी खोड जुनीच. पण खिळे ठोकायला चित्र पालथं घातलंस, तेव्हा एकदा तरी उलटून बघितलंस का? शेवटच्या आजारात बाबा रोज तासभर माझ्यासमोर बसायचे, ते हे चित्र. पुन्हा काही ते बसायचे नाहीत.

वीस तारखेला प्रदर्शन आहे. खिळे तू ठोकलेस, तूच येऊन काढ.

वहिनीला नमस्कार. राग आहे, तरी लोभ असू द्यावा.

धाकटी

१३ सप्टेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

नाही बघितलं.

तुझं पत्र वाचून वहिनीनं मला अडाणी म्हटलं, ते ऐकून घेतलं. सैल सांधा म्हणजे चूक, असं बाबांनीच शिकवलेलं, त्यामुळे मला काही केल्या पटेना. शेवटी तुझ्यासारखी एक चौकट करून बघितली. तिसऱ्या खेपेला जमली. सरस नाही, कोपरे हलतात. तुझं रंधाकाम मात्र भिकारच आहे, ते मी मागे घेत नाही.

शनिवारी दुकान बंद ठेवून येतो. खिळे काढायला मागूनच बसावं लागेल. पण आधी थोडा वेळ समोर बसेन. तेवढा वेळ तू आतच थांब.

आहे तो लोभ कमी करू नकोस.

दादा