दोन्ही मुलखांत बाईच हवी

४ जाने. १९५३, आरोंदा
बालवाडीच्या शिक्षणवर्गातून परवा घरी आलो. पास. वर्गात पुरुष मी एकटाच, बाकी सगळ्या बाया. सुरुवातीला हसायच्या, मग माझ्याकडून गाणी बसवून घ्यायला लागल्या.
आईने विचारलं, "आता मोठ्या शाळेत लागतलंस मां?" नाही म्हटलं, लहानांच्याच. उठून चुलीकडे गेली.

९ जाने.
गावच्या समितीची बालवाडी निघतेय. अध्यक्ष तात्यांकडे अर्ज घेऊन गेलो. "अरे, तू पुरुष मनीस. पोरांचो शेंबूड पुसतलंस?" पुसतलंय, म्हटलं. पडवीतले सगळे हसले. जागा बाईचीच म्हणे. शिकलेली बाई मिळाली नाही तर? तर न शिकलेली.
निमूट घरी आलो. बोलायला हवं होतं.

१५ जाने.
होडीने खाडीपलीकडे, पोर्तुगिजांच्या मुलखात. आईच्या ओळखीच्या जोआकिनाबाई तिथे लहान मुलांना शिकवतात, रीतसर शिकून. विचारलं, तुमच्याबरोबर शिकायला पुरुष किती होते?
"एकूय ना. आमच्यांत नेमच आसा, बायलांनीच शिकपाचें. तुमच्यांत नेम आसा?"
"ना."
"मागीर?" मग अडतं कुठे, असा चेहरा.
"हासतात."
"हांसप म्हणजे नेम न्हय," म्हणाल्या, आणि एका रडणाऱ्या पोरीला उचलून माझ्या कडेवर दिली. गप्प झाली पोर. मला बरं वाटलं.
परतताना होडीत ठरवलं. जागेची वाट बघायची नाही.

२ फेब्रु.
आमच्याच पडवीत बालवाडी सुरू केली. शेजारची रोजिन पहिली आली, धाकट्याला घेऊन. नवरा बोटीवर असतो. "माका बाई होयी की बाप्यो, ता नाय म्हायत. पोर रडाक नको."
आणखी तीन-चार आली. चिंचोके, शंख, माती. एकाने चड्डी ओली केली. धुतलं. त्याची आजी कुंपणाशी उभी राहून बघत होती.

३ फेब्रु.
आजीने नातीलाही धाडलं!

२३ फेब्रु.
समितीने बाई नेमली. सुलोचना, वाडीकडची, सातवी झालेली. बालशिक्षण काही नाही. तात्या म्हणाले, "आता तुझी पोरां हिच्याकडे धाड." पोरांच्या आयांना विचारा, म्हटलं. या वेळी बोललो.

२६ फेब्रु.
दुपारी सुलोचनाबाई स्वतःच पडवीत आल्या. डोळे सुजलेले. तिकडे मुलं नुसती रडतात, आणि यांनाही रडू येतं.
"माका ह्यातला कायेक येणा नाय. शिकवशात?"
"तात्या?"
"त्यांका काय सांगूचा ता मी बघतंय."
राग त्यांच्यावर काढायचं मनात होतं. पण निघेना. बसवलं, पहिलं गाणं दिलं. गळा चांगला.

५ मार्च
आठवडाभर दुपारी येतात. भरभर शिकतात. आज त्याच म्हणाल्या, बालवाडी दोघांनी मिळून चालवू, समितीला तसं सांगू. एवढं मलाही सुचलं नव्हतं.

७ मार्च
सुलोचनाबाईंनी तात्यांच्या कानावर घातलं. लगेच त्यांचा निरोप: उद्या बैठक, दोघांनी हजर राहायचं. नोकरी बाईंची जाईल की पडवी माझी बंद होईल, कोण जाणे. मागे हटणार नाही, दोघंही.
काय बोलायचं त्याची उजळणी करत होतो. आई चुलीजवळून उठून आली. "बैठकीक मीय येतंय."
तू कशाला?
"माझो झील काय शिकान इलो, ता माकाय आयकूचा आसा."