आखाजीला न आलेला मुऱ्हाळी

माय, तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि आज मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. भांडण त्या आखाजीचं, त्या अक्षय्य तृतीयेचं आहे, ज्या वर्षी मला गोवर निघाला होता. तुला या भांडणाचा पत्ताही नव्हता.

चोपड्याच्या आपल्या घरात गोष्टीतले कायदे कुठे संपतात आणि घरातले कुठे सुरू होतात, हे मला कधी कळलंच नाही. तुझ्या गोष्टीत केळफुलातून निघालेली राजकन्या राजपुत्राला बजावते, शेताचा बांध संपेपर्यंत कुणी कितीही हाका मारल्या तरी मागे वळू नको. इकडे आबा कामाला निघाले की तू मला दटावायचीस, निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. राजपुत्र आईच्या आवाजाला फसून वळतो आणि राजकन्येची पुन्हा केळ होते. मी आबांना एकदा मागून हाक मारली, तर त्यांची सायकल नाक्यावरच पंक्चर झाली. आता सांग, सहा वर्षांच्या पोरीने कशावर विश्वास ठेवायचा नाही? मला वाटायचं, गोष्ट म्हणजे ज्यांनी ऐकलं नाही त्यांची हकिगत. आणि त्यातला सगळ्यात कडक नेम तर खुद्द गोष्टीबद्दलच होता. "दिनमा गोट सांगी तं मामा वाट चुकस," तू म्हणायचीस. दिवसा गोष्ट सांगितली की मामा रस्ता चुकतो. मला मामा एकच, शिरपूरचा, म्हणून मी तो नेम जिवापाड पाळायची.

त्या वर्षी मामा मुऱ्हाळी येणार होता, आपल्या दोघींना आखाजीला तुझ्या माहेरी न्यायला. तू पिशवी भरून ठेवली होतीस. आणि मला गोवर निघाला. दाराला लिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, गल्लीतल्या सासुरवाशिणी एकेक करून माहेरी गेलेल्या. भर दुपार आहे, तू भुईमुगाच्या शेंगा फोडते आहेस, मी अंगाच्या आगीने रडते आहे आणि गोष्ट मागते आहे. नेम माहीत असून मागते आहे. तू एकदा दाराकडे बघतेस, सूप बाजूला सारतेस आणि म्हणतेस, "सांगस. आज चालस." मग अगदी सावकाश केळफुलाची गोष्ट सांगतेस, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच शेवटी केळीची परत राजकन्या करतेस. मी झोपले. मामा आला नाही. आखाजी झाली, पिशवी तू गुपचूप रिकामी केलीस.

आषाढात आजी गेली, तुझी आई. परत आल्यावर तू शेजारच्या अक्कांना म्हणालीस, आखाजीला गेले असते तर भेट तरी झाली असती. मी दाराआड उभी होते. मामा माझ्या दुपारच्या गोष्टीपायी वाट चुकला का, हे तुला विचारलं नाही, कारण तू हो म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं? मामा पुढे कितीदा आला, त्याच्यापुढेही विषय काढला नाही. धुळ्याच्या शाळेत नोकरी केली, पण गोष्टीचा तास दुपारी आला की मी पाढे घ्यायची. मुख्याध्यापकांनी हटकलं की घसा बसलाय म्हणायची. वर्गातल्या सगळ्या पोरांचे मामा सांभाळायचे होते ना.

गेल्या महिन्यात शिरपूरला गेले होते. मामा आता खाटेवरच असतो, पण डोकं ठणठणीत. त्याला केळं सोलून देता देता मी हसत हसत विचारून टाकलं, की त्या आखाजीला तू नेमका कुठे वाट चुकलास? तो म्हणाला, "मी तं घरमाईन निंघनूच नही. तुन्ही मायनी कंडक्टरना हाते निरोप धाडा व्हता, पोरले गोवर शे, यंदा येऊ नको."

केळं माझ्या हातातच राहिलं. म्हणजे तू नेम मोडलाच नव्हतास. मामा घरी बसलेला आहे, बसलेला माणूस वाट कसा चुकेल, एवढा हिशेब करूनच तू "आज चालस" म्हणालीस. माय, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मी तिथेच रडले आणि मामाला वाटलं, त्याच्या तब्येतीचंच काहीतरी डॉक्टरने मला सांगितलंय. तुझी आणि आजीची भेट हुकली ती माझ्या हट्टापायी नाही. तू माहेर सोडून माझ्या उशाशी बसलीस म्हणून हुकली. त्याचं वाईट वाटतंच, पण हे वाईट वाटणं मला झेपतं. भांडण एवढंच, की मला सांगितलं का नाहीस? आजारी पोरीला सांगण्यासारखं ते नव्हतं, हेही कळतं. पण मी नंतर बरी झाले होते ना.

काल नात आली. जेवणं उरकली, बाहेर रखरखीत ऊन, आणि ती मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आजी, गोष्ट सांग ना." मी सांगितली. केळफुलाचीच, तू बदललेल्या शेवटासकट.

हे पत्र कुठे टाकणार? तुझ्या पितळी डब्यात ठेवते आहे. फक्त एक कबूल करते. गोष्ट सुरू करण्याआधी मी तिच्या मामाला, माझ्या मुलाला, जळगावला फोन केला होता. घरीच होता, जेवत होता. त्याला म्हटलं, तासभर गाडी काढू नको.